निर्दोष असल्याचा दाखला

विषय : स्पर्धेच्या रायफलीसाठी लागणाऱ्या गोळ्या राहत्या घरी स्वतः तयार करण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) श्रीमती वैजयंती कोरे यांचा अर्ज. २) त्यावर कार्यालयाने काढलेली त्रुटींची तीन पत्रे. ३) परवानाधारक कारागीर श्री. दस्तगीर शिकलगार यांचा दाखला.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, संदर्भ क्रमांक तीनचा दाखला लिहिला गेला तेव्हा मी हजर होतो. तो मीच लिहून घेतला. गावाचे नाव दिलेले नाही, कार्यालयाचेही नाही. कोणतेही घातले तरी मजकुरात फारसा फरक पडणार नाही.

"सही का करत नाही, तेवढं तरी सांगा."

वैजयंती उभी होती. दस्तगीरचाचा शेडच्या दारात लाकडी पेटीवर बसले होते. हातात चहाची बशी होती.

"बस की."

"बसायला आले नाही मी."

"मग उभी ऱ्हा. चहा निवतोय माझा."

चाचांनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

वैजयंती स्वतःच्या लॅबमध्ये दातांच्या कॅप तयार करते. गावातले निम्मे लोक तिच्या हातचे दात लावून हसतात. उरलेल्यांचे अजून स्वतःचे आहेत. तिचा हात बारीक कामाचा, आणि हे तिला कुणी सांगावे लागत नाही.

रायफल ती नऊ वर्षे चालवते. तीनशे मीटरवर, पालथे झोपून. क्लबमध्ये परदेशी गोळ्यांचा डबा येई आणि यादीप्रमाणे वाटला जाई. यादीत तिचे नाव शेवटी असे. डबा त्याच्या आधी संपे. यादी कोणत्या क्रमाने लावतात, असे तिने तीन वर्षे विचारले. क्रम असा काही नाही, असे उत्तर तिसऱ्या वर्षी मिळाले.

"मला त्यांच्या डब्यातली एकही नको," ती म्हणाली आणि चाचांच्या शेडमध्ये आली.

चाचा पोलिसांच्या शस्त्रागारात छत्तीस वर्षे बंदुका दुरुस्त करून निवृत्त झाले. गोळ्या करण्याचा आणि काडतुसे भरण्याचा परवाना त्यांच्या नावावर होता. तिथे त्यांच्या देखरेखीखाली ती शिकली. तांब्याचे कवच, आत शिसे, आणि हाताने दाबायचे एक जुने यंत्र. एवढाच संसार.

पण परवाना मार्चअखेर संपणार होता. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नूतनीकरण करणार नाही, असे त्यांनी लिहूनही दिले होते. परवाना संपला की साचे, यंत्र, तयार गोळ्या, सगळे सरकारजमा. त्याआधी वैजयंतीला स्वतःच्या घरासाठी परवानगी मिळाली, तर ते सगळे तिच्या नावावर जाणार. नाही मिळाली, तर पुन्हा क्लबची यादी.

म्हणून अर्ज. अर्ज मी लिहून दिला होता. निवृत्तीनंतर माणसाला कुठली तरी सवय राहते.

कार्यालयाने पहिल्या पत्रात घराचा नकाशा मागितला, तीन प्रतींत. दुसऱ्या पत्रात तोच नकाशा मागितला, चार प्रतींत. तिसऱ्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, घरातील पुरुष व्यक्तीची हरकत नसल्याचे पत्र. दोन, परवानाधारक कारागिराचा दाखला.

पहिल्या मुद्द्यावर तिने स्वतः उत्तर लिहिले : "घरात पुरुष नाही. एक बोका आहे. त्याची हरकत नाही."

शेवटची दोन वाक्ये गाळावीत असा सल्ला मी दिला. तिने गाळली नाहीत. कार्यालयाने तो मुद्दा पुन्हा काढला नाही. बोका फायलीत आहे.

राहिला दाखला. त्याचा नमुना कार्यालयानेच पाठवला होता. वर अर्जदाराच्या नावाची मोकळी जागा, मग एकच वाक्य : "सदर अर्जदाराने तयार केलेल्या गोळ्या निर्दोष असल्याचे मी प्रमाणित करतो." खाली सहीची जागा. ती सहा आठवडे कोरी होती.

वैजयंतीने पर्समधून मखमलीचा तुकडा काढला. पेटीवर चाचांच्या शेजारी पसरला. त्यावर वीस गोळ्या ओळीने मांडल्या.

"वजन करा. कुठलीही उचला. शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या आहेत. त्या परदेशी डब्यातल्यासुद्धा इतक्या सारख्या नसतात. मी मोजल्यात."

गोळ्या खरोखर देखण्या होत्या. दातांना करतात तसे पॉलिश तिने त्यांना केले होते. मला त्यांत माझा चेहरा दिसला. तो काही त्या योग्यतेचा नव्हता.

चाचांनी वजनकाट्याकडे पाहिले नाही. चष्माही लावला नाही. एकेक गोळी उचलली, उलटी केली आणि तिच्या बुडावरून अंगठा फिरवला. काही डावीकडे ठेवल्या. काही उजवीकडे.

डावीकडे नऊ. उजवीकडे अकरा.

"ह्यातली सगळ्यात देखणी कोणची?"

तिने एक दाखवली. उजवीकडची.

चाचांनी मान हलवली. मग डावीकडच्या पाच घेतल्या, पक्कड उचलली आणि पाचींचे टोक एकामागून एक चेपले.

"अहो चाचा…"

"का? दुखलं का तुला?"

"एकेका टोकावर अर्धा अर्धा तास घालवलाय मी."

"दिसतंय की. म्हणूनच टोक चेपलं." त्यांनी उजवीकडच्या पाच बाजूला काढल्या. त्यांना हात लावला नाही. "उद्या सकाळी ह्या दहा मारायच्या. पाच चेपलेल्या, पाच चकचकीत. भाऊसाहेब दुर्बिणीतनं आकडे सांगतील. मला आता तिकडचं काय दिसत न्हाई."

"आणि सही?"

"उद्या बघू."

"सहा आठवडे 'उद्या बघू'च चाललंय."

"मग आणि एक दिवस. एवढं काय त्यात?"

क्लबची रेंज गावाबाहेर जुन्या दगडखाणीत आहे. सकाळी सातला आम्ही तिघे तिथे पोचलो. काडतुसे चाचांनी भरून आणली होती. वैजयंती पालथी झोपली, श्वास लावला. मी दुर्बिणीला डोळा लावला. एका कामासाठी सरकारने मला चौतीस वर्षे पगार दिला होता. समोर असेल तोच आकडा वाचायचा.

चेपलेल्या पाच आधी.

"दहा," मी वाचले. "दहा. नऊ. दहा. दहा."

वैजयंतीने मान वर केली. चकचकीत गोळीचे काडतूस घातले.

"आठ."

…

"दहा."

…

"सहा. सात."

पाचवीला मला जरा वेळ लागला.

"पाचवी कागदावर आढळून येत नाही."

ती तशीच पडून राहिली. गाल रायफलीला टेकलेला.

"वारा होता," ती म्हणाली.

मी वाऱ्याच्या झेंड्याकडे पाहिले. तो काठीला चिकटून झोपला होता. चाचांना झेंडा दिसत नव्हता, पण त्यांनी विचारलेही नाही.

"वैजयंती."

"हं."

"वजन सगळ्यांचं सारखं कसं झालं?"

…

"सांग की. यंत्रातनं तर सारखं पडत न्हाई. थोडंफार कमीजास्त पडतंच."

ती उठून बसली. कोपरांची माती झटकली. बराच वेळ झटकत होती.

"ज्या जड भरल्या, त्यांचं बूड घासलं. थोडंसंच. लॅबमधल्या मशीनवर."

"का?"

"कॅपचं तसंच करतो आम्ही. आतली बाजू घासून बसवायची. ती कोणाला दिसत नाही."

"दात तोंडात ऱ्हातो, बेटा. ही निघून जाते." चाचांनी बोटाने हवेत एक रेघ ओढली. "टोक आधी बाहेर पडतं. बूड शेवटी. नळी सोडताना शेवटचा धक्का बुडाला बसतो. बूड तिरकं, तर धक्का तिरका. मग टोक कितीबी चकाकू दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. सहा आठवडे रोज मी गोळ्या दाखवत होते. सांगितलं का नाही?"

"तू वजन दाखवत होतीस. मी वजन बघत होतो."

वैजयंतीने रायफल पिशवीत घातली. जाताना तिने चाचांना हात धरून खाणीच्या उतारावरून नेले. बोलली मात्र नाही. मला वाटले, आता ती येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये होती. पॉलिशची डबी आणली नव्हती.

पुढचे अकरा दिवस लॅब दुपारी बंद करून ती येत राहिली. चाचा पेटीवर बसून पेपर हातात धरत. वाचता येत नव्हता, पण हातात नसला की त्यांना रिकामे वाटे. मोठ्या मथळ्यांचा मी अहवाल देत असे. यंत्राचा दांडा वर जाई, खाली येई. मध्येच थांबे. थांबला की ती गोळी उलटी करून अंगठा फिरवत असणार, हे मला न बघताही कळू लागले.

एकदा मी विचारले, "बरी झाली का ही?"

"नाही," ती म्हणाली.

"दिसायला तर बरी आहे."

"काका, तुम्ही अर्ज लिहा."

बाराव्या दिवशी तिने गोळ्या आणून ठेवल्या. मखमल नव्हती. जुन्या टॉवेलवर तीन ढीग.

"ह्या बारा स्पर्धेच्या. ह्या पाच सरावाच्या. ह्या तीन वाईट आहेत."

"वजन?" चाचांनी विचारले.

"कमीजास्त आहे. सांगू?"

"नको."

चाचांनी वाईट तिघींवरून अंगठा फिरवला. हुंकार दिला. मग सरावाच्या पाच. मग स्पर्धेच्या बारा, एकेक, सावकाश. आठव्या गोळीवर अंगठा थांबला. परत फिरला. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"ही न्हाई."

वैजयंतीने ती उचलली. डोळे मिटले. बुडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, मग उलट दिशेने.

"चांगली आहे ही."

"माझ्या अंगठ्याला न्हाई वाटत."

"मग अंगठा चुकतोय तुमचा."

…

मी पेपरकडे पाहू लागलो. चाचांच्या शेडमध्ये या अर्थाचे वाक्य मी आधी कधी ऐकले नव्हते. पूर्वी एकदा एक फौजदार असे काही बोलला होता म्हणतात. त्याला चाचांनी चहा दिला नाही. तिथे त्याहून कडक शिक्षा नव्हती.

"आठ आठवडे अडलंय तुझं," चाचा म्हणाले. "ही एक काढून टाकलीस तर मी आत्ता सही करतो. अकरा काय कमी न्हाईत."

"काढणार नाही. चांगली आहे."

"सही नको?"

"हवी आहे. पण गोळी चांगली आहे."

चाचांनी हात पुढे केला. तिने गोळी तळहातावर ठेवली. त्यांनी ती परत बाराच्या ढिगात टाकली.

"मारून बघायची का?" मी विचारले.

"कशाला? बघितली की तिनं." ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, कागद घ्या."

मी नमुना पुढे केला.

"हा न्हाई. कोरा घ्या."

"चाचा, कार्यालयाला नमुन्यातलाच मजकूर लागतो."

"काय हाय त्यात?"

"गोळ्या निर्दोष असल्याचे प्रमाणित करतो."

"निर्दोष गोळी मी जन्मात बघितली न्हाई. न बघितलेल्या गोष्टीवर सही करायला मी काय…" ते थांबले. माझ्या जुन्या नोकरीचा त्यांनी मान राखला. "लिहा. वैजयंती कोरे यांच्या गोळ्यांत दोष असतो."

मी लिहिले.

"कोणत्या गोळीत आहे, ते त्यांना कळते."

मी लिहिले. पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते नव्हते.

"हे कार्यालयात चालणार नाही," मी म्हणालो. "परवानगीसाठी दाखला आणि पहिल्याच वाक्यात दोष. अहो, फाईल तिथेच बसेल."

"मी गोळीचा दाखला देतोय. हापिसाचा न्हाई."

त्यांनी सही केली. डोळ्यांनी नव्हे, सवयीने. वैजयंतीने कागद घेऊन वाचला. दोन वाक्यांना लागावा त्याहून बराच जास्त वेळ घेतला.

"काका, हाच जोडा," ती म्हणाली.

दाखला आठ फेब्रुवारीला दाखल झाला. पंधरा फेब्रुवारीला फायलीवर शेरा पडला : "सदरचा कागद दाखला आहे की तक्रार, याबाबत मार्गदर्शन व्हावे." फाईल वर गेली. वरून खाली आली. "नियमानुसार कार्यवाही करावी." कोणत्या नियमानुसार, हे लिहिण्याची पद्धत नाही. मीही कधी लिहिले नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयातून वैजयंतीला फोन आला. माणूस भला होता. एवढा भला माणूस त्या टेबलावर कसा आला, कळत नाही.

तो म्हणाला, "बाई, दोन वाक्यांच्या जागी नमुन्यातलं एक वाक्य टाका. संध्याकाळपर्यंत साहेबांची सही घेऊन देतो. माझा शब्द."

ती शेडमध्ये आली. फोनवरचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. चाचांनी ऐकून घेतले.

"भाऊसाहेब, नमुना हाय का तो?"

माझ्याकडे होता. मी असले कागद टाकत नाही.

चाचांनी नमुना मांडीवर घेतला, खाली चाचपडत सही केली आणि कागद तिच्याकडे धरला. वरचे वाक्य छापलेले होते. अर्जदाराच्या नावाची जागा तेवढी मोकळी होती.

"घे. सही झाली. नाव तुझं तू घाल."

"तुम्ही म्हणाला होता, असल्या कागदावर सही करणार नाही."

"मी म्हातारा मानूस. तीन आठवड्यांनी माझं दुकान बंद. माझ्या म्हनन्यावर कशाला अडतीस? नाव घाल. यंत्र तुझ्या घरी जाईल. साचे जातील. क्लबच्या दारात उभं ऱ्हायला नको."

त्यांचा आवाज सरळ होता. ते तिला जोखत होते की खरोखर सांगत होते, हे मला त्या दिवशी कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

वैजयंतीने माझ्या खिशातले पेन घेतले. टोपण काढले. कागद पेटीवर ठेवला.

…

यंत्राचा दांडा वरच्या बाजूला अर्धवट राहिला होता. ती त्याच्याकडे बघत होती.

…

तिने टोपण लावले आणि पेन माझ्या खिशात परत ठेवले.

"काका, कार्यालयाला पत्र लिहा. दाखल केलेला दाखला बरोबर आहे. बदलायचा नाही."

"कारण काय लिहू?"

"ते बरोबर आहे, हेच कारण."

"पोरी, विचार कर. मार्चनंतर काय?"

"मार्चनंतरचं मार्चनंतर."

चाचांनी सही केलेला नमुना मागून घेतला. चार घड्या घालून पेटीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला. पेटी स्थिर बसली.

पत्र एका वाक्याचे झाले. चौतीस वर्षांत मी इतके छोटे पत्र जावकला दिले नव्हते. जावक कारकुनाने कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

एकतीस मार्चला कार्यालयाचे दोघे आले. एक तोच, फोनवरचा भला माणूस. दुसरा, बरोबर आणलेली लोखंडी पेटी उचलायला. यंत्र, साचे, शिसे, कवचे, सगळ्यांची यादी सुरू झाली. वैजयंती लॅब बंद करून आली होती. भिंतीला टेकून उभी होती.

"तयार गोळ्या, चाळीस नग, सुस्थितीत," भल्या माणसाने म्हणत म्हणत लिहिले.

"थांबा," ती म्हणाली.

तिने डबी त्याच्या हातातून घेतली. गोळ्या टॉवेलवर ओतल्या. एकेक उलटी करत अंगठा फिरवत गेली. तो घड्याळ पाहू लागला. चाळीस व्हायला बराच वेळ गेला. दोन तिने वेगळ्या ठेवल्या.

"अडतीस सुस्थितीत. दोन सदोष. तसं लिहा."

"बाई, सगळ्या जमाच होणार आहेत. कपाटात पडणार. चांगली काय, वाईट काय."

"तसं लिहा."

"खाडाखोड होईल हो यादीत."

"होऊ दे."

त्याने चाचांकडे पाहिले. चाचांनी छपराकडे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, खाडाखोड करून शेजारी सही केली की चालते. त्याने खाडाखोड केली, शेजारी सही केली.

सामान लोखंडी पेटीत गेले. कडीला दोरी बांधली. दुसऱ्याने मेणबत्ती पेटवली आणि लाख वितळवायला घेतली. दोरीच्या गाठीवर तो ती भरपूर ओतू लागला. सरकारी लाख, तेव्हा हात सैल.

"बाई, राग मानू नका," भला माणूस हळूच म्हणाला. "एक शब्द फिरवला असता, तर आज ही पेटी तुमच्या घरात असती."

वैजयंतीने टॉवेलची घडी घातली.

चाचा उठले. पेटीपर्यंत चाचपडत आले. लाखेच्या वासाने त्यांना गाठ कुठे आहे ते कळले असावे.

"साहेब, लाख जरा कमी ओता. परत काढताना पोरीला त्रास नको."

राज्याची निवड चाचणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. नाव नोंदवण्याच्या फॉर्मवर "गोळ्या कोणत्या वापरणार" असा रकाना आहे. वैजयंती कोरे यांनी त्यात "स्वतःच्या" असे लिहून फॉर्म त्याच दिवशी दिला.

अर्ज प्रलंबित आहे.